मावळतीचं पाखं

मोशी ओलांडून चाकणकडे जाताना "लंगडी बराख कुठं?" असं विचारलं, तर रस्त्यावरचं शेंबडं पोरही बोट दाखवायचं. बराख म्हणजे कांदा साठवायची लांबट, हवेशीर इमारत. चैत्रात काढलेला कांदा दिवाळीपर्यंत टिकवायचा तर तो बराखीतच. ही लंगडी, कारण तिच्या छपराची दोन पाखी सारखी नव्हती. उगवतीकडचं पाखं आखूड, आढ्यापासून जेमतेम सहा फूट आलेलं. मावळतीचं मात्र लांबच्या लांब उतरत गेलेलं, इतकं खाली की शेवटच्या कौलाखालून शिरताना मलाही मान वाकवावी लागे. लोक हसायचे. हसोत बापडे. ती मी बांधली होती, आणि का बांधली होती ते हसणाऱ्यांना ठाऊक नव्हतं.

मी मूळचा कोकणातला, पिढीजात सुतार. भोसरीत एका वर्कशॉपमध्ये पॅटर्न बनवायच्या कामाला लागलो तेव्हा तिशीला टेकलो होतो. फाउंड्रीत लोखंड ओतायचं तर आधी त्या भागाचा हुबेहूब लाकडी नमुना लागतो, तो आम्ही करायचो. तापलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून नमुना किंचित मोठा करावा लागतो. त्यासाठी आमची फूटपट्टीच वेगळी असे, खऱ्या पट्टीपेक्षा जराशी लांब. पहिल्या दिवशी ती पट्टी हातात घेतली तेव्हा मला वाटलं, मालक आपल्याला फसवतोय. नंतर तिची इतकी सवय झाली की खरी पट्टीच खोटी वाटायला लागली.

राहायला भोसरीतच एक खोली होती. आम्ही सहाजण, सगळे कोकणचे, आणि अंथरुणं तीन. पहिल्या पाळीचा उठला की तिसऱ्या पाळीहून आलेला त्याच अंथरुणात शिरायचा. अंथरूण कधी गार व्हायचं नाही. परक्या माणसाच्या उबेत मी चार वर्षं झोपलो, आणि इतका एकटा मी जन्मात कधी नव्हतो. खोलीत बोलणं व्हायचं ते ओव्हरटाइमचं, नाहीतर कुणाची बालदी कुणी वापरली याचं. मला भांडायला चांगलं येतं, त्यामुळे बालदीच्या बाबतीत माझं बरं चाललं होतं.

बायको आणि मुलगी गावी, माझ्या आईपाशी. मी गणपतीला जायचो आणि शिमग्याला जायचो. मुलगी तीन वर्षांची झाली त्या गणपतीची गोष्ट. मी ट्रंक खांद्यावर घेऊन पाणंद चढून आलो. ती अंगणात खेळत होती. मला बघून ती धावत आत गेली आणि ओरडली, "आई, पाहुणे आले!" आत सगळे हसले. मीही हसलो. मग पाय धुवायला म्हणून विहिरीवर गेलो आणि बराच वेळ पायच धूत राहिलो.

परत निघायच्या दिवशी बायको ट्रंकेत चिवड्याचा डबा भरत म्हणाली, "आम्हाला घेऊन जा की."

"खोलीवर? तिथे सहाजण असतात."

"म्हणूनच म्हणते. पाच बाप्यांच्या खोलीत पोर घेऊन मी काय करू? आधी घर करा. लहान असू दे, पण माझी चूल वेगळी पाहिजे. चूल मांडलीत की त्या दिवशी येते."

तिचं म्हणणं चूक नव्हतं. पण भोसरीत वेगळी खोली म्हणजे माझ्या पगारात आकाशाला ठिगळ लावणं. मी 'बघतो' म्हणालो. नवऱ्यांचा 'बघतो' किती दूर बघतो ते बायकांना कळतं, तिने डब्याचं झाकण घट्ट बसवलं.

आमच्या पट्ट्यात कारखान्यांना सुट्टी गुरुवारी. त्या दिवशी सहाच्या सहा जण खोलीत. मी चपला घालायचो आणि नाशिकच्या रस्त्याने चालत सुटायचो. काम काहीच नसे. मोशी मागे पडली की दोन्ही बाजूंना शेतं लागत, अंगावर धूळ उडवत चाकणच्या बाजाराला जाणारे ट्रक जात. असाच एका गुरुवारी चाललो होतो. दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. रस्त्यापासून जरा आत एक म्हातारा एकटाच एक खांब उभा करायची खटपट करत होता. तो खांब पुरायचा, मागे सरून बघायचा, खांब कलायचा. पुन्हा उपसायचा. सुताराला कललेला खांब दिसला की गप्प बसवत नाही. मी बांधावरूनच ओरडलो, "बाबा, ओळंबा लावा ना!"

"तुज्याकडं हाय का?" म्हातारा म्हणाला.

माझ्या खिशात होता. सुट्टीच्या दिवशी खिशात ओळंबा घेऊन हिंडणारा माणूस किती सुखात असेल, ते तुम्हीच समजून घ्या.

त्याची जुनी बराख वाऱ्याने निजली होती. तुरीच्या काड्यांच्या भिंती, वर उसाचं पाचट, खांब वाळवीने खाल्लेले. मी एक खांब ओळंब्यात उभा करून दिला, मग दुसरा. दुपारी म्हातारीने भाकरी आणि पिठलं आणलं. जेवताना कळलं की घरात दोघंच. मुलगी होती, ती पहिल्याच बाळंतपणात गेली, बाळही गेलं. म्हातारीने ते एका वाक्यात सांगितलं आणि मला ठेचा वाढला. मी पुढच्या गुरुवारी पुन्हा गेलो. त्याच्या पुढच्याही.

तिसऱ्या की चौथ्या गुरुवारी म्हाताऱ्याने विषय काढला. "मिस्तरी, कौलांची पक्की बराख बांधून देतोस का? जागा माजी, लाकूड माजं, हात तुजं. तिला लागूनच तुज्यापुरतं घर काढ. बायकापोरांना आण अन् ऱ्हा. आमाला बी शेजार व्हईल."

चार वर्षं जे भोसरीत मिळालं नव्हतं, ते कांद्याच्या शेतात एका म्हाताऱ्याने भाकरी मोडता मोडता देऊन टाकलं होतं. मी होय म्हणालो, आणि मग उगाचच त्याच्याशी कौलांवरून वाद घातला, डोळ्यांत पाणी आलेलं दिसू नये म्हणून.

नकाशा मी एका खोक्याच्या फळीवर पेन्सिलने काढला. बराख बसणार ती जागा अडचणीची. एका टोकाला विहीर, दुसऱ्या टोकाला गोठा, उगवतीला भावकीचा बांध. त्या बांधाकडे वीतभर सरकलं तरी कोर्टकचेरी व्हायची. मोकळी जागा होती ती फक्त मावळतीला. मला तेच हवं होतं. आमच्याकडे पाऊस समुद्रावरून, मावळतीकडून झोडपतो. म्हणून घराचं त्या बाजूचं पाखं लांब काढतात, अगदी खाली आणतात आणि त्याखाली पडवी करतात. पावसाला घराने पाठ दाखवायची, ही माझ्या आजोबांची शिकवण. तसंच मी आखलं. मधे आढं, उगवतीला आखूड पाखं, त्याखाली कांदा. मावळतीला लांब पाखं, त्याखाली तीस फूट पडवी. पडवीच्या अर्ध्या भागात खोली आणि चूल, अर्ध्यात सामान. बाहेरून दगडमातीची भिंत.

चुन्याची फक्की टाकून आखणी केली त्या दिवशी म्हातारा बराच वेळ तिथे उभा होता. त्याने मूठभर माती उचलली आणि वरून हळूहळू सोडली. माती उगवतीकडे उडाली. तो माझ्याकडे वळला.

"भित मावळतीला घालतोस व्हय?"

"तर! पाऊस तिकडूनच येतो."

"आमच्याकडं पाऊस असा कितीसा, मिस्तरी."

"बाबा, कोकणच्या माणसाला पाऊस शिकवू नका," मी म्हणालो. आता आठवलं की माझा मलाच राग येतो. चार नमुने फाउंड्रीत काय गेले, मी स्वतःला विश्वकर्मा समजत होतो.

त्याने हात झटकले. मग विचारलं, "पोरगी कुठं निजंल?"

मी फक्कीच्या रेघेआत उभा राहून दाखवलं. "इथे. आईच्या कुशीत."

म्हातारा त्या जागेकडे पाहत राहिला. "मंग ऱ्हाऊ दे असंच," तो म्हणाला आणि बैलांना पाणी दाखवायला गेला.

मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंत सगळे गुरुवार तिथेच गेले. खांब बाभळीचे, वासे निलगिरीचे. आतल्या भिंतीसाठी मी भोसरीत मशिनरी येते त्या खोक्यांच्या फळ्या जमवल्या आणि एसटीच्या टपावर टाकून आणल्या. कंडक्टरशी दर वेळी भांडण. उगवतीच्या बाजूला म्हाताऱ्याने सांगितल्याप्रमाणे फळ्यांमध्ये दोन दोन बोटं फट सोडली, कांद्याला वारा लागावा म्हणून. पण कांदा आणि आमची खोली यांच्यामधली भिंत मी अशी सांधली की सुई शिरणार नाही. नमुने करणाऱ्याचा हात, त्याला फट म्हणजे शिवी. शिवाय पट्टी आमची ती लांब. खोली आखली होती बारा फूट, झाली दीड इंच जास्त. आकसायला जागा ठेवायची सवय अंगात मुरलेली. माणसं लांब राहून किती आकसतात, ते मात्र कुठल्याच पट्टीवर नव्हतं, म्हणून मी जरा सढळच धरलं.

आढं चढवलं त्या दिवशी म्हातारीने त्याला हिरवा खण बांधला, म्हाताऱ्याने नारळ फोडला. खोबरं वाटून झाल्यावर तो म्हणाला, "पडवीच्या तुळईला एक कडी ठोक."

"कशाला?"

"पोरीस झोका नगं का?"

मी भोसरीहून लोखंडी कडी आणून ठोकली. म्हातारीने आपल्या जुन्या लुगड्याची झोळी त्या कडीला बांधली. कडी वजन पेलते की नाही बघायला मी झोळी हलवली, तशी ती माझ्यावर खेकसली. "रिकामा झोका हलवू न्हाई! पोराला बाधतं. इतकं बी शिकवलं न्हाई का आईनं?" तिने पदरातला कांदा झोळीत टाकला, मग म्हणाली, "आता हलीव."

चैत्र सरता सरता कांदा भरला. अक्षय्य तृतीया झाली आणि बायको मुलीला घेऊन आली. मी पत्रात फार काही लिहिलं नव्हतं. 'चूल मांडली आहे' इतकंच. ती एसटीतून उतरली, पडवीत शिरताना मान वाकवली, चुलीपाशी गेली, हात फिरवला. "घरच्यासारखी पडवी केलीत," ती म्हणाली. एवढ्यावरच माझी चार वर्षं फिटली.

त्यानंतरचे चाळीसेक दिवस. सकाळी सायकलवरून भोसरी, संध्याकाळी परत. सायकल बांधावर आली की मुलगी धावत सुटायची. पहिले काही दिवस ती अर्ध्यावर येऊन थांबायची आणि लाजायची. मग एक दिवस थांबली नाही, थेट येऊन पायांना बिलगली. तिने म्हाताऱ्याला आजोबा करून टाकलं होतं. तो दिवसभर तिचा झोका ढकलायचा आणि शेताच्या कामाला उशीर झाला म्हणून म्हातारीच्या शिव्या खायचा. शिव्या खाताना इतका खूश झालेला माणूस मी पाहिला नाही. मी कौलांखाली बसून चहा प्यायचो. मला कुणाशी भांडावंसंच वाटत नव्हतं.

ज्येष्ठाच्या मध्याला वास येऊ लागला.

सडक्या कांद्याचा वास ज्याने घेतला नाही त्याला सांगून कळायचा नाही. तो कपड्यांत शिरतो, पाण्यात शिरतो, भाताला येतो. म्हातारी आणि बायको रोज उगवतीच्या बाजूने बराखीत जाऊन सडका कांदा निवडायच्या, पाट्याच्या पाट्या उकिरड्यावर. मी पाहिलं आणि मला तेव्हाच कळलं. खोटं कशाला बोलू, त्याच दिवशी कळलं. उन्हाळाभर या माळावर वारा येतो तो मावळतीकडूनच. तो बराखीतून आरपार गेला पाहिजे. मी त्याच्या वाटेत तीस फूट भिंत उभी केली होती आणि आत सुई न शिरणाऱ्या फळ्या. पावसाला पाठ दाखवायच्या नादात मी कांद्याचा गळा दाबला होता.

पण कळलं म्हणून मी बोललो नाही. उलट म्हाताऱ्यावरच घसरलो. "बाबा, कांदा ओला भरलात तुम्ही. माना सुकल्या नव्हत्या त्याच्या."

पन्नास वर्षं कांदा काढलेला माणूस तो. माझ्याकडे त्याने पाहिलं आणि म्हणाला, "आसंल. माजंच चुकलं आसंल."

एका गुरुवारी मी सामानाच्या बाजूची भिंत काढली, तिथल्या फळ्याही उचकटल्या. 'जरा हवा खेळू दे' म्हणालो, जणू त्यात विशेष काहीच नव्हतं. आठवड्याभरात त्या अर्ध्या भागातला कांदा सुधारला. खोलीच्या पाठीमागचा सडतच राहिला.

त्या दिवशी बायको चुलीपुढे बसली होती. हात कांद्याच्या काळ्या सालींनी माखलेले. "तिकडचा कांदा चांगला आणि आपल्या पाठीमागचाच का सडतो?" तिने विचारलं.

मी चुलीतलं लाकूड आत सारलं.

"तुम्हाला कळलंय ना?"

"हळू बोल."

"हळू कशाला? त्यांनाही कळलेलं असणार. रोज माझ्यासमोर बसून सडका कांदा निवडते ती म्हातारी. एक शब्द बोलत नाही. वर माझ्या पोरीला गूळ देते." तिने हात धुतले, पण वास जाणार नव्हता. "घर चांगलं बांधलंत हो. मला आवडलं. पण हे घर त्यांच्या छातीवर बसलंय. मला इथे घास गिळत नाही."

"म्हातारीला म्हणतो, त्यांच्या घरात—"

"त्यांचं घर एका खणाचं. तिथे पुन्हा परक्याची चूल. गावी निदान सासूची तरी आहे."

मी 'थांब' म्हणालो असतो तर ती थांबली असती का? चाळीस वर्षं हा प्रश्न मी स्वतःला विचारतोय. तेव्हा एवढंच वाटलं की ती खरं बोलतेय, आणि खरं बोलणाऱ्या माणसाशी मला भांडता येत नाही. दिवाळीनंतर दुसरीकडे खोली बघतो, असं मी म्हणालो. पुन्हा तोच 'बघतो'.

म्हाताऱ्याला आम्ही सांगितलं की गावी आईला बरं नाही. मुलगी झोक्यातून उतरायला तयार नव्हती. म्हाताऱ्यानेच तिला उचलून रस्त्यापर्यंत आणलं. "गणपती झालं की ये हां," तो तिला म्हणत होता. एसटीत बसल्यावर तिने मला हात केला नाही, त्याला केला. मी पुण्यापर्यंत सोबत गेलो, त्यांना कोकणच्या गाडीत बसवलं आणि परत आलो. दापोडीचा पूल कधी गेला ते कळलं नाही.

परत आलो तो सरळ कुदळ घेतली. आमच्या खोलीच्या भिंतीवर पहिला घाव घातला तसा म्हातारा धोतर सावरत पळत आला.

"आरं काय करतोस? बायकू यायची हाय की परत!"

"तुमचा कांदा सडतोय."

"सडू दे! कांदा फुडल्या साली बी येतो." त्याने माझा दंड धरला. "घर मोडू नगंस, मिस्तरी."

"बाबा, चूक माझी आहे. मी वारा अडवला."

"मला ठावं हाय."

"कधीपासून?"

त्याने दंड सोडला. "तू फक्की टाकलीस त्या दिशीच. माती सोडून बगितली न्हवं का मी."

मला त्या क्षणी म्हाताऱ्याचा इतका राग आला की कुदळ दूर फेकून दिली. "मग बोलला का नाहीत? मी म्हटलं कांदा ओला भरलात, तर तेही ऐकून घेतलंत!"

"बोललो आस्तो तर भित ऱ्हायली नसती. भित न्हाई तर खोली न्हाई. दुसरीकडं जागा कुठं व्हती?" तो खाली मातीत बसला. "तू जागा दावलीस ना, पोरगी हितं निजंल म्हणून. मंग म्या म्हनलं, चार पोती सडली तर सडली."

मीही बसलो. आम्ही दोघं अर्धवट फुटलेल्या भिंतीपाशी बसलो होतो, एकमेकांकडे न बघता. दोघांनाही एकच गोष्ट हवी होती, दोघंही त्यापायी गप्प राहिलो होतो, आणि ती सकाळीच एसटीने निघून गेली होती. शेवटी म्हातारा उठला, कुदळ घेऊन आला आणि माझ्या हातात दिली. "पाड," तो म्हणाला. "आता कुणासाठी ठिवायची."

संध्याकाळपर्यंत भिंत गेली. फळ्याही मी एकेक करून उचकटल्या. सांधे इतके घट्ट होते की खिळे निघता निघेनात. स्वतःच्या चांगल्या कामाला इतक्या शिव्या मी आधी कधी दिल्या नव्हत्या. शेवटची फळी निघाली आणि वारा आत शिरला. मावळतीकडून आला, चुलीवरची राख उडवली आणि कांद्यातून पार उगवतीला निघून गेला. उरला तेवढा कांदा दिवाळीपर्यंत खणखणीत राहिला. त्या पट्ट्यात तशी बराख दुसरी नव्हती, असं पुढे लोकच म्हणू लागले. लांब पाख्यामुळे पावसाची झड आत येत नाही आणि खालून वारा मोकळा, हे बघून दोघातिघांनी तशीच बांधून मागितली. मी बांधून दिली नाही.

मी परत भोसरीच्या खोलीत गेलो, कधी न गार होणाऱ्या अंथरुणात. त्या दिवाळीनंतर खोली बघितली नाही, पुढच्याही नाही. ऐंशीच्या सुमाराला कुठे एक पक्की खोली माझी अशी झाली. पत्र टाकलं, 'चूल मांडली आहे.' बायकोचं उत्तर आलं. आई आता अंथरुणावर आहे, मुलगी पाचवीत आहे, शाळेत तिचं बरं चाललंय, दोन गाई आहेत. शेवटी लिहिलं होतं, 'आता इथलंच सगळं अंगावर आहे. तुम्ही येत जा.' रुसवा नव्हता त्यात, तो असता तर मी भांडलो तरी असतो. मग मी येत जात राहिलो. गणपतीला आणि शिमग्याला, पाहुण्यासारखा.

गुरुवार मात्र म्हाताऱ्याकडेच जायचे. पहिल्या गुरुवारी, भिंत पाडल्यावर, मी पडवीत आलो तर झोळी जोरजोरात झुलत होती. आता वारा मोकळा होता ना. म्हातारा तिच्यासमोर उकिडवा बसला होता. मी झोळी सोडवायला हात वर केला, तर म्हणाला, "ऱ्हाऊ दे."

तो उठला, बराखीतून चार मोठे, निवडक कांदे घेऊन आला, झोळीत ठेवले आणि वरून लुगड्याचा काठ नीट केला. झोळी जरा जड झाली, सावकाश हलू लागली.

"रिकामा हलू न्हाई," तो म्हणाला. "पोरीला बाधंल. तिकडं लांब हाय बिचारी."

पुढे तो रिवाजच झाला. कांद्यांना कोंब आले की म्हातारी ते काढून ताजे ठेवायची. म्हातारी गेली तेव्हा म्हातारा ठेवू लागला. त्याला उठवेनासं झालं तेव्हा मी ठेवू लागलो, दर गुरुवारी चार कांदे. मुलीचं लग्न ठरल्याचं पत्र आलं त्या आठवड्यातही मी ते बदलले.